सातच्या तासाआधी

अलिबागच्या बाजारात मासळी विकायला बसायचे दगडी ओटे होते. वर कौलं होती, म्हणून सावली होती. ओटे थोडे आणि बायका फार. म्हणून बाजाराच्या मुकादमाने नियम केला होता. दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजाराला, कचेरीचा पहारेकरी घंटेवर सातचा तास देईल त्याच्या आधी जी पाटी घेऊन येईल, तिला पावसाळ्यापर्यंत ओटा. बाकीच्यांनी गटाराच्या कडेला बसायचं.

गटाराशी ऊन थेट अंगावर यायचं. बोंबलाचं दुपारपर्यंत पाणी व्हायचं. माझी सासू उभा जन्म तिथेच बसली. मला तिथे बसायचं नव्हतं. एवढीच माझी हौस होती आणि ती मला फार छळत गेली.

आमचं गाव रेवदंड्याच्या बाजूला. अलिबागला पायी जायचं. गावात घड्याळ नव्हतं. मशिदीत पहाटेची बांग झाली की पाटी उचलायची आणि सातच्या तासाआधी पोचायचं. मधल्या वाटेत वेळ कळायला नागाव होतं. नागावच्या बायका अंगणात सडा घालत असल्या तर आपण वेळेवर. घराघरांतून चुलीचा धूर निघत असला तर उशीर.

धावायला आम्ही तिघी. मी, माझी शेजारीण आणि माझी मामेबहीण. शेजारीण उंच, लांब पायांची. धावायची बरी, पण तोंड बंद ठेवायची नाही. मामेबहीण अंगाने भरलेली आणि स्वभावाने निवांत. तिला मी घ्यायला नको होतं. पण घराला घर लागून, तिला सोडून जायचं कसं?

आणि आमच्यात एक रीत होती. भरली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीने हात लावावा लागतो. म्हणून वाटेत एकीने पाटी उतरवली की सगळ्यांनी थांबायचं. तिला टाकून पुढे गेलं तर रस्त्यावरच्या कुणा परक्या पुरुषाला तिला हात लाव म्हणायची वेळ येते. तसं करणारीला गावात कुणी पुन्हा सोबत देत नसे.

पहिल्या वर्षी शेजारणीच्या पायात काटा गेला. दुसऱ्या वर्षी मामेबहिणीला तहान लागली. दोन्ही वर्षं नागावात धूर दिसला आणि दोन्ही वर्षं मी गटाराशी बसले.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, सराव करायचा. गणपती गेले की रोज संध्याकाळी पाटीत ओली वाळू भरून आम्ही किनाऱ्याने धावायचो. सासू दारात बसून बघायची.

“घरात पाण्याचा थेंब न्हाय आणि ही वाळू फिरवून आणतेय. वाळू कोण घेणार गो तुझी?”

होड्यांवरचे पुरुष जाळी विणता विणता ओरडायचे, “काय भाव लावला वाळूचा?” मामेबहीण थांबून त्यांना भाव सांगायची. मला वाटायचं, हिच्या तोंडावर ती वाळू ओतावी.

“थांबू नको,” मी ओरडायची.

“अगो, मासळी मेलेली हाय. तिला कसली घाई?”

हे तिचं नेहमीचं. शेजारीण हसत बसायची. मी एकटीच चिडायची आणि एकटीच धावायची.

पहिल्या बाजाराच्या दिवशी बांग झाली आणि आम्ही निघालो. लुगडी घट्ट कसली होती, पाटीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ नव्या फडक्याची केली होती. त्या दिवशी खरंच चांगलं चाललं होतं. पाय एका ठेक्यात पडत होते, शेजारीणसुद्धा गप्प होती. नागावात पोचलो तेव्हा अंगणं नुकती ओली होत होती. मला इतकं बरं वाटलं की मी मागे वळून दोघींना शाबास म्हणाले.

तेवढ्यात मामेबहिणीने पाटी उतरवली.

“काय झालं?”

“पोटात कळ आली.”

“पोटात कळ येते तर काल रात्री वडे कशाला खाल्लेस?”

“दसऱ्याचे होते गो.”

ती रस्त्याच्या कडेला बसली. आम्ही दोघी उभ्या. माझ्या डोक्यावर पाटी, पाटीतलं पाणी मानेवर गळतंय आणि समोरच्या घरातून पहिला धूर निघालेला मला दिसतोय. इतक्यात मागून मोटार आली. त्या पावसाळ्यानंतर नवीनच सुरू झाली होती. वर टपावर काहीबाही बांधलेलं आणि आत दाटीवाटीने बायका. धुळीत नीट दिसलं नाही.

शेजारणीने हात हलवला. आतूनही कुणी हात हलवला.

“लग्नाला चालल्यात वाटतं,” ती म्हणाली.

मी मामेबहिणीला दंडाला धरून उठवलं, पाटी तिच्या डोक्यावर आदळली आणि म्हटलं, “आता थांबलीस तर रीत गेली खड्ड्यात.” ती माझ्याकडे बघत राहिली, पण धावली. आयुष्यात पहिल्यांदा धावली. शेजारणीला मागे टाकून धावली.

बाजाराच्या दारातून आम्ही आत शिरलो आणि कचेरीचा तास अजून झाला नव्हता. माझी छाती फुटायची बाकी होती. मामेबहीण घामाने न्हाली होती.

“पोचलो का नाय गो तासाआधी?” ती म्हणाली. पोटावर हात होता आणि तोंडभर हसत होती.

ओटे भरले होते. पलीकडच्या गावच्या बायका बसल्या होत्या. लुगडी कोरडी, केसांतली फुलं जागच्या जागी, मासळी मांडून झालेली. त्यांतल्या एकीने शेजारणीला ओळखलं. “तुम्हीच ना गो नागावात हात केलात?”

मी मुकादमाशी भांडले. म्हटलं, मोटारीनं येणं म्हणजे येणं नव्हे.

“तासाच्या आधी कोण आलं ते मी बघतो,” तो म्हणाला. “पायानं आलं का चाकानं, ते बघत न्हाय. तुम्हीही आलात तासाआधी. ओटेच संपले, मी काय करू?”

मग तास पडला. मी टोल मोजले. सातच.

आम्ही गटाराशी बसलो. मामेबहिणीने माझ्या पाटीतले वितळायला लागलेले बोंबील आधी विकायला घेतले.

पुढच्या दसऱ्याला आम्हीही मोटारीने गेलो. पाट्या टपावर बांधल्या. नागाव मागे पडलं आणि मामेबहिणीला मोटार लागली. ती ओकायला उतरली, तशी शेजारीण उतरली, मग मीही उतरले. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला आणि आतल्या बायका आम्हाला शिव्या देत राहिल्या. ओटा मिळाला, पण कडेचा, अर्धा उन्हातला. पुढची बरीच वर्षं दर दसऱ्याला तसलाच ओटा माझ्या वाट्याला आला. पायी धावून तासाआधी पोचले ते एकच वर्ष, आणि तेव्हा मला काही मिळालं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.