थोरल्याचा आवाज

श्रावणातला दुसरा रविवार, दुपारी चार. ठिकाण कोल्हापुरात राजारामपुरीतला आमचा फ्लॅट. हजर : आई, मी, माझे यजमान, बिद्रीहून आलेली भावजय आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची. गैरहजर : ज्याच्यासाठी जमलो तो, माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

अशी नोंद मी घरातल्या प्रत्येक कार्यक्रमाची करते. एरवी खाली काय काय झालं तेही लिहिते. त्या दिवशीचं लिहिलं नाही, ते आता लिहिते आहे.

भाऊ बिद्रीला कारखान्यात नोकरीला होता आणि सुट्टीच्या दिवशी नाटकांत काम करायचा. हवालदार, तलाठी, नवरीचा मामा, असं जे वाट्याला येईल ते. टीव्हीवर मात्र तो एकदाच आला, एका विनोदी मालिकेच्या एका भागात. त्यातला विक्षिप्त शास्त्रज्ञ जुन्या वॉशिंग मशीनचं काळयंत्र करतो आणि दर भागात जुन्या काळातल्या कुणाला तरी चुकून आजच्या कोल्हापुरात आणून सोडतो. भावाच्या भागात थोरला येतो.

थोरला म्हणजे आमच्या शाहूवाडीच्या डोंगरातला बंडखोर. कोठारं फोडून गावोगाव भात वाटणारा. तो खरंच होऊन गेला की बायकांच्या गाण्यातच जन्मला, कुणाला माहीत नाही. गावात त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं तर शिपायांना माग लागेल म्हणून त्या काळी घेत नसत, आणि आता शिपाई राहिले नाहीत तरी घेत नाहीत. नुसतं थोरला म्हणायचं. भात लावताना आई त्याची गाणी म्हणायची आणि गाण्यात मधेच थोरल्याची हाक यायची. बांधावरून समोरच्या डोंगरापर्यंत पोचणारी, वर चढत जाऊन एकदम तुटणारी. चिखलात उभे राहून आम्ही दोघं ती मारून बघायचो. मला कधी जमली नाही. भावाला सातव्या-आठव्या वर्षीच जमली.

काम मिळाल्याचं सांगायला तो आधी आईकडे आला. म्हणाला, "आई, ह्यात तुझीच हाक टाकणार हाय मी." आई म्हणाली, "घसा बसंल. आदी खायला बस."

आई माझ्याकडे असते. काचबिंदूने तिची नजर गेली आहे, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. म्हणजे तिच्यासाठी तो भाग बघायचा नव्हताच, ऐकायचा होता. एवढी साधी गोष्ट, पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात ती आली नाही.

चित्रीकरण भर रस्त्यावर झालं. रिक्षांचे हॉर्न फार म्हणून संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा घ्यायचं ठरलं. त्याआधीच भाऊ दवाखान्यात दाखल झाला. फुप्फुसाचं दुखणं होतं आणि ते आम्हाला उशिरा कळलं. त्याचा फोन माझ्याकडे असायचा. रिपोर्ट, औषधं, डबा, रात्री कोण थांबणार, सगळं मी यादी करून चालवत होते. एका सकाळी औषधांच्या दुकानात रांगेत उभी असताना मालिकेच्या माणसाचा फोन आला. आवाज द्यायला गुरुवारी येतील का? मी म्हटलं, शक्य नाही. तो म्हणाला, मग आमचा माणूस दवाखान्यात पाठवतो, अर्ध्या तासाचं काम आहे. ते नको असेल तर दुसऱ्या कलाकाराचा आवाज घ्यावा लागेल, प्रक्षेपणाचा दिवस ठरला आहे. मी म्हटलं, दुसऱ्याचा घ्या, त्याला त्रास नको. तेवढ्यात माझा नंबर आला. मी फोन ठेवला आणि चिठ्ठी दुकानदाराच्या हातात दिली.

भावाला हे सांगितलं नाही. "अक्का, डबिंगचं काय कळलं?" असं त्यानं मला दोनदा विचारलं. कळवतील, असं मी दोन्ही वेळा म्हटलं. खाटेवर बसून तो शेजारच्या म्हाताऱ्या पेशंटला संवाद म्हणून दाखवायचा. दम लागला की थांबायचा, पुन्हा तिथूनच धरायचा. ते आजोबा म्हणायचे, "पावणं, हितली नर्सबाई थोरल्याला बी सुई टोचल्याबिगर सोडत न्हाय." भाऊ हसायचा, मग खोकत राहायचा.

तो गेल्यावर सहाव्या दिवशी संध्याकाळी सातला तो भाग लागला. सुतकात आमच्याकडे टीव्ही लावत नाहीत. पहिल्याच दिवशी मी त्यावर चादर टाकली होती. "आज न्हवं त्येचं?" आईनं हळूच विचारलं. मी म्हटलं, आई, सुतक आहे. रेकॉर्ड करून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. पुढे भाचीनं मालिकेच्या लोकांना कित्येक महिने फोन केले, तेव्हा कुठे एक पेन ड्राइव्ह मिळाला. तो घेऊन मायलेकी त्या रविवारी आल्या.

मला भीती होतीच. पण थांबवायचं तर काय सांगून थांबवायचं? आवाज मिळताजुळता घेतला असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि सगळ्यांना चहा दिला.

आई टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली. भाची तिच्या कानाशी सांगत होती : आता मशीन थरथरतंय, आता धूर, आता पप्पा बाहेर आले, डोक्याला मुंडासं आहे, पायात काही नाही. भाऊ रस्त्याच्या मधोमध उभा होता. तगडा, मिशा पिळलेला. त्यानं एका क्लासची पाटी न्याहाळली, सिटी बसला हात जोडले. यजमान मोठ्याने हसले. आईही हसली. मग त्यानं तोंडाशी हात धरून छाती भरून घेतली. भाची म्हणाली, "आजी, आता हाक."

हाक आली. भारदस्त, घोटलेली, कुठेही न तुटणारी. पुढचे संवादही तसेच, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ.

आईचं हसू तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं. मग तिनं मान तिरकी करून कान टीव्हीकडे केला. "कोण बोलतंय ह्यो?"

"पप्पाच की, आजी," भाची म्हणाली, पण ती माझ्याकडे बघत होती. भावजयीनं पदर तोंडाला लावला होता. तिच्या ध्यानात आलं होतं.

"त्येचा आवाज न्हाय ह्यो," आई म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "त्याचाच आहे आई. तेव्हा त्याला सर्दी झाली होती."

पडद्यावर थोरला एका दुकानातल्या छत्र्या बस थांब्यावरच्या लोकांना वाटत होता. मग आई म्हणाली, "सर्दी न्हवं ती. दुखणं हुतं. तवाच आवाजात शिरलं हुतं. माझ्या म्होरं बसून जेवला, आन् मला कळलं न्हाय."

भाग संपला. भांडी विसळताना भावजय माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "वन्सं, तुमाला ठावं हुतं?" मी हो म्हटलं आणि फोनचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यास्नी तरी सांगायचं हुतं. माणसाला बसवून, थांबत थांबत बोललं असतं." ती मला टाकून बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, आत्तींना, म्हणजे आईला, तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही. रस्त्यावरच्या चित्रीकरणातला मूळ आवाज तरी मिळेल का, हे भाचीनं नंतर विचारून पाहिलं. तो ठेवलेला नाही, असं उत्तर आलं.

तेव्हापासून आई सगळ्यांचे आवाज तपासते. दूधवाल्याला थांबवून, छातीत काय दुखतंय का, म्हणून विचारते. माझ्या यजमानांना तिनं दोनदा डॉक्टरांकडे पाठवलं, एक्स-रे काढायला लावला. काही निघालं नाही तरी तिचा विश्वास बसला नाही. फोनवर भाची बोलली की म्हणते, "परत बोल, नीट ऐकू दे." शेजारणीला सांगते, आईला तरी कळायला हवं होतं. शेजारीण माझ्याकडे बघते आणि मी चहा ठेवायला आत जाते.

रोज सकाळी मी कामांची यादी लिहिते. गॅसचा नंबर लावणे, आईचे डोळ्यांचे थेंब, लाइटबिल. संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर रेघ बसते. 'आईला खरं सांगणे' एवढं खाली उरतं. काल तिच्या केसांना तेल लावताना मी "आई" म्हणून सुरुवात केली होती. तिनं मान वळवली, बोल म्हणाली. मी म्हटलं, वेणी घट्ट झाली का? आज सकाळी ते काम पुन्हा नव्या पानावर लिहिलं आहे.