बॅन्जोवाल्याचा डबा

"थोडंसं अजून, सर." एवढं म्हणून तो अंगठा आणि तर्जनीनं हवेतच एक बटण फिरवायचा. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माणूस. असं बटण हवेत जरी फिरलं तरी माझे हात शिवशिवतात. त्या शब्दांपायी मी काय करून बसलो, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो.

अमरावतीत आमच्या मागच्या गल्लीत तो राहायचा आणि बॅन्जो पार्टीत बॅन्जो वाजवायचा. तुम्ही हे वाद्य वरातीत पाहिलं असेल. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आणि वायर थेट गाडीवरच्या स्पीकरांच्या भिंतीत गेलेली. त्या भिंतीला पाठ लावून हा माणूस वीसेक वर्षं उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, चोपून बसवलेले केस. लग्न याचंच आहे की काय, असं वाटावं. लोक नवरदेवापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत.

एकदा तो माझ्याकडे आला. "सर, पोरगी दहावीले हाये. घर एका खोलीचं. ते अभ्यास करून राह्यते अन् मले नवीन गाणे बसवा लागते. फक्त माह्या कानात वाजन असं काही करून देता का?"

असली यंत्रं बाजारात मिळतात, हे मी त्याला सांगितलंच नाही. उलट हुरळलो. बॅन्जोतून येणारा सिग्नल फार नाजूक असतो. आधी त्याला हळूच उचलून धरायचं, मग हेडफोन हलवण्याइतका दम द्यायचा. एक छोटी आयसी, चार कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी. पत्र्याच्या डब्यात बसवलं की घरातल्या विजेची गुणगुण आत शिरत नाही, म्हणून आमच्या हिचा जिऱ्याचा डबा उचलला. हिनं तो दोन दिवस शोधला आणि शेवटी त्याच्या कमरेला लटकलेला पाहिला. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

आठ दिवसांनी तो हजर. "लय मस्त हाये, सर. थोडंसं अजून."

मी गेन, म्हणजे आवाजाचा जोर, वाढवला. काही दिवसांनी तो पुन्हा आला, मी दुसरी बॅटरी जोडली. मग मोठी आयसी टाकली. दोन वर्षांत त्या डब्याचा मी चार वेळा कायापालट केला आणि वर्गात पोरांना त्याच्या गोष्टी सांगितल्या. दर वेळी मी तपासायचो ते मीटरवर आणि आवाजाच्या लाटा दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर. हेडफोन एकदाही कानाला लावला नाही. आपल्याला सुरातलं कळत नाही, कानाचं काम त्याचं, अशी माझी समजूत. पडद्यावर लाटेचे शेंडे सपाट होताना दिसत होते, म्हणजे आवाज फाटत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "एकदम साफ येऊन राह्यला." मीही खूश झालो. फाटका आवाज ज्याला साफ वाटतो, त्याच्याबद्दल शंका यायला काय हरकत होती? पण आली नाही.

एका दुपारी त्याची पोरगी चिडून आली. "काका, बाबाच्या हेडफोनमधलं मले सारं ऐकू येते. कोणतं गाणं हाये तेबी सांगू शकते."

मी हसलो. हेडफोनच्या गाद्या झिजल्या असतील म्हणून बघायला गेलो. तो खाटेवर डोळे मिटून वाजवत होता. मी त्याच्या डोक्यावरून हेडफोन काढला, पहिल्यांदाच माझ्या कानांना लावला आणि म्हटलं, "वाजवा."

कोणी कानात खिळा ठोकावा तसं झालं. मी हेडफोन ओढून काढला आणि खाली बसलो. कानात शिट्टी वाजत होती. तो काळजीनं माझ्याकडे बघत होता. "कमी हाये ना?"

मी तोंड भिंतीकडे केलं आणि विचारलं, "भाऊ, जेवण झालं का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, मोठ्यानं. दारातून पोरगी म्हणाली, "बाबाले तोंड दिसल्याशिवाय समजत नाही, काका. आमाले वाटे, गाण्याच्या तंद्रीत राह्यते."

दोन वर्षं आम्ही समोरासमोर बसून बोललो होतो.

मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा कान गेला होता, डावा निम्मा उरला होता. "सुरुवात स्पीकरांनी केली असणार, फार वर्षांपूर्वी," डॉक्टर म्हणाले. आणि बाकीचं? मी विचारलं. त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि ते कागदावर लिहायला लागले.

परतताना ऑटोत तो म्हणाला, "सर, इतके दिवस मी सुरात होतो का?"

मी त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हटलं, "लोक नाचत होते."

"लोकं तं जनरेटरच्या आवाजावरबी नाचतात," तो म्हणाला.

मला त्यानं एका शब्दानंही बोल लावला नाही. याचा मला अजून राग येतो. चार शिव्या दिल्या असत्या तर मलाही काही बोलता आलं असतं. पोरीची बारावीची परीक्षा झाल्यावर त्यानं आपला बॅन्जो पार्टीवाल्यांना देऊन टाकला आणि बायको-पोरीसकट अकोटला जायचं ठरवलं. मी स्टँडवर पोचवायला गेलो.

"तिथं काय करणार?"

"मेव्हणा कापसाच्या जिनिंगमंधी हाये. मशीन चालू झाली का तिथं कोणालेच कोणाचं ऐकू येत नाही, सर. सारे हातानंच बोलतात. तिथं मी बरोबरीचा."

एसटी सुरू झाली. तो खिडकीत बसला होता, पुढे तिकीट काढणाऱ्या कंडक्टरकडे बघत. मी खिडकीखाली जाऊन म्हटलं, "भाऊ, चूक माझी होती." तो माझ्याकडे वळून माझं तोंड त्याला दिसेपर्यंत मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही.