खालाने विचारलेली आयत
पुस्तकं बांधणारी खाला वाचल्याशिवाय एकही पुस्तक शिवत नसे. गिऱ्हाईक दारात पाय आपटत उभं राहो, घड्या घालता घालता तिचे डोळे ओळींवरून फिरायचेच. एकदा एकाच आठवड्यात कुराणाचे दोन तर्जुमे जिल्दीला आले आणि बाईची झोप उडाली. ‘माऊन’ नावाच्या छोट्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, शेवटची आयत. नमाजाचा देखावा करणारे काय द्यायचं नाकारतात? एक तर्जुमा म्हणे, जकात, म्हणजे दरसाल गरिबांना द्यायचा ठरलेला वाटा. दुसरा म्हणे, शेजाऱ्याला वापरायला द्यायची साधीसुधी वस्तू.

जकात खाला चोख द्यायची. बोचलं ते दुसरं. आठच दिवसांपूर्वी समोर राहणाऱ्या धाकट्या जावेनं तिचा शिकंजा मागितला होता. शिवलेली पुस्तकं दाबून धरायचं ते लोखंडी यंत्र. जाऊही हेच काम करायची. तिच्या शिकंज्याचा स्क्रू मोडला होता आणि शाळेची पुस्तकं वेळेत द्यायची होती. खालाने ‘माझाच अडकलाय’ अशी चक्क थाप मारली. शाळेचं काम जावेच्या हातून सुटलं तर येणार कुणाकडे? हिच्याचकडे की!

दुसरी असती तर जकातवाला तर्जुमा डोळ्यांना लावून गप्प बसली असती. आपली खाला कसली बसते! दुपारी बायकांच्या धड्याला तिने सगळ्यांदेखत शिकवणाऱ्या उस्तानीला विचारलं, यातलं खरं कोणतं? बायका चपापल्या. खळ लावणाऱ्या हातांनी खळच लावावी, असं एकीनं शहाणपणही पाजळलं. उस्तानी मात्र भली बाई. मला नक्की ठाऊक नाही म्हणाली, अर्थ उलगडणारा जाडजूड ग्रंथ आतून आणला आणि बोट फिरवत बराच वेळ वाचत बसली.

“जाणत्यांनी दोन्ही अर्थ सांगितलेत,” ती शेवटी म्हणाली. “बादली, भांडं, कुऱ्हाड, असंही लिहिलंय. खाला, तुमचा प्रश्न रास्त होता.”

झालं, मघाशी नाकं मुरडणाऱ्या बायका लागल्या कौतुक करायला. खालाचा चेहरा मात्र उतरला.

“कौतुक नको,” ती म्हणाली. “माझा शिकंजा रिकामा होता आणि मी नाही म्हटलं.”

जाऊ तिथेच, भिंतीला टेकून बसली होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“माहीत आहे, भाभी,” ती हळूच म्हणाली. “खिडकीतून दिसत होता.”

खालाचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेसुद्धा नाहीत, तशीच उठली.

“मग चल,” ती म्हणाली. “एका बाजूने तू धर. मला एकटीला उचलवत नाही.”