भिंतीवरचं सूत्र

ओल्या शेणाचा वास आला की अजूनही माझी नजर आधी भिंतीकडे जाते. तेव्हा मी जव्हार संस्थानच्या शाळेत गणित शिकवत होतो. कागद संपले म्हणून विशेष फलनांचं एक सूत्र बिऱ्हाडातल्या कुडाच्या भिंतीवर खडूने मांडलं होतं. नक्कल कुठेच नव्हती. एका दुपारी परतलो तर अंगणातच सारवणाचा वास आला. जोडे न काढताच आत धावलो. सारवायला येणारी वारली बाई हात धूत होती. भिंत सगळी ओली, मधलं सूत्र मात्र कोरडं, जसंच्या तसं. "लग्नाचा चौक काढलाय ना मास्तर, आमच्यात लग्नाला भिंतीवर पांढरा काढत्यात तसा," ती म्हणाली, "लगीन लागल्याशिवाय कसा पुसू? कधी हाय लगीन?" त्या सूत्राची सिद्धता अजून सापडलेली नाही, आणि तिला काय सांगायचं तेही.