बाजाराच्या दिवशी एक गोळी

फार्मसीच्या मुलांना रुग्णाची सुरक्षितता शिकवताना मी दरवर्षी ऐटीत सांगायचे, की गोळी अशा खुणेला बांधा जी पेशंट विसरणारच नाही. त्या दिवशी मुलांना घेऊन नांदेडच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी उभी होते. संधिवाताची एक मावशी आली. तिला आठवड्याला एकच गोळी होती. ही गोळी रोज घेतली तर माणूस दगावू शकतो, हे मुलांच्या डोक्यात मी घणानं ठोकलेलं. मावशी म्हणाली, वार काही ध्यानात राहत नाहीत. मी म्हटलं, "मग बाजाराच्या दिवशी घ्या. एकच." तिनं मान डोलावली, मुलांनी वहीत उतरवलं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आठवड्यानं वर्गात एक मुलगी सहज बोलून गेली. ती मावशी काल अर्धापूरच्या बाजारात बांगड्या विकत होती, आज लोह्याला जाणार होती. तिचा रोज कुठल्या ना कुठल्या गावचा बाजार असतो.

माझं धाबं दणाणलं. खडू हातातच राहिला. पोट कशावर भरता, एवढं साधं मी विचारलं नव्हतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथं बाईचा जीव जात होता. केसपेपरवर फोन नंबर नव्हता. तास सोडून त्या मुलीला घेतलं आणि लोह्याची जीप पकडली. आठ गोळ्या दिल्या होत्या. वाटभर मी बोटांवर मोजत होते, किती बाजार झाले असतील.

मावशी बांगड्यांच्या ढिगामागं बसली होती. ओठ फुटलेले, तोंड आलेलं, पाणीही गिळवत नव्हतं. आठांतल्या दोनच उरल्या होत्या. त्या मी अक्षरशः हिसकावून घेतल्या आणि तिला जीपमध्ये बसवलं. डॉक्टर नंतर म्हणाले, आज आणली म्हणून वाचेल. बरेच दिवस दवाखान्यात राहून ती वाचलीही. पण माझी भीती गेलेली नाही. खिडकीशी कुणी मान डोलावली की मी अजून विचारते, कधी घेणार ते सांगा बघू.

त्या दिवशी जीपमध्ये मी घाई कर म्हणून ड्रायव्हरवर खेकसत होते. तिला वाटलं, मी तिच्यावर चिडले आहे. सुजलेल्या बोटांनी तिनं माझा हात धरला.

"रागावू नका बाई. तोंड लई पोळत होतं, तरी बी म्या एक बाजार चुकवला न्हाई."