वाघूरच्या उतारावरची ट्रायल

जीवराम नानानं चोवीस वर्षं धुळ्याच्या लालचंद शेठची ॲम्बॅसेडर चालवली. एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये त्याच्याकडे लायसन होतं, इस्त्रीचा खाकी शर्ट होता, पण हातात गाडी नव्हती. वर्षापूर्वी पाचोऱ्याजवळ चाक बदलताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं त्याचा डावा गुडघा चेचला. पाय वाचला, वाकायचा राहिला. तसल्या पायानं क्लच दाबता येत नाही. शेठनी त्याला काढलं नाही. कापडाच्या गोदामाच्या दाराशी स्टूल टाकून दिलं आणि गाडीवर नथ्थूला घेतलं. त्या स्टुलावर बसून जीवराम दिवसभर रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर कानानं मोजायचा.

मग जळगावात क्लच नसलेली एक गाडी विकायला असल्याची बातमी आली. आखातातून परतलेल्या एका डॉक्टरची ती जपानी गाडी होती, स्टीअरिंग इथल्यासारखंच उजवीकडे. रंग लाल, दारं दोन, बुटकी आणि पळायला चलाख. शेठ अर्ध्या अहिराणीत म्हणाले, "ट्रायल दे. तुला जमली तर घेऊ. नाही जमली तर गोदाम शेच."

अकरा वाजता नथ्थूनं दोघांना जळगावात आणून सोडलं. गाडी दाखवायला अभिमन नावाचा दलाल आला होता. त्यानं पुढची सीट दुमडली आणि मागच्या खोबणीत अंग कोंबलं. चोवीस वर्षं मागं बसणारे शेठ पहिल्यांदाच जीवरामच्या शेजारी बसले.

"नाना, तुमचा डावा पाय आजपासून पाहुणा," अभिमन म्हणाला. "ही स्टीअरिंगजवळची दांडी खाली 'डी' अक्षरावर ओढायची आणि विसरून जायचं. गिअर ती स्वतःच बदलते."

"आणि मी काय करू?"

"भोंगा वाजवा."

शेठ हसले नाहीत. त्यांचं लक्ष जीवरामच्या हातांकडे होतं.

भुसावळ रस्त्याला लागेपर्यंत जीवराम नुसता ऐकत होता. इंजिनाचा आवाज चढायचा, मध्येच कुणी समजूत काढल्यासारखा उतरायचा आणि गाडी आणखी वेग घ्यायची. उजव्या पायानं जरा जोर दिला की पाठ सीटला चिकटायची. नशिराबाद मागं पडलं तेव्हा काटा सत्तरवर होता आणि त्याचा शर्ट पाठीशी ओला झाला होता. डावा पाय काठीसारखा सरळ पडून होता. त्याला कुणी काही मागत नव्हतं.

"बरी शे," शेठ एवढंच बोलले.

पुढं वाघूर नदीच्या पुलाकडे रस्ता उतरतो. समोर कापसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर रस्ता अडवून चालला होता. समोरून रस्ता मोकळा पाहून जीवरामनं गाडी उजवीकडे घेतली. ट्रॉलीच्या बरोबरीला आल्यावर उतार लागला आणि त्याच्या डाव्या हातानं त्याला न विचारता दांडी किंचित वर सारली.

ही शेठचीच शिकवण. उतारावर इंजिन जाळायचं नाही, गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचवायचं. ॲम्बॅसेडरची गिअरदांडीही स्टीअरिंगलाच, डाव्या हाताला. चौथ्यातून थोडी वर ढकलली की न्यूट्रल. रोज पाच-पन्नास वेळा, चोवीस वर्षं.

पुलावरून केळीचा ट्रक वर येत होता. रावेरकडचा, हिरवे घड टपापर्यंत रचलेला. त्यानं दिवे मारले. जीवरामनं उजवा पाय दाबला. इंजिन किंचाळलं, गाडीला मात्र ओढ आली नाही. त्यानं आणखी दाबलं. आवाजच वाढला. ब्रेक मारून मागं यावं तर ट्रॉलीच्या मागं एसटी येऊन भिडली होती, आत शिरायला फट नव्हती.

"जीवराम," शेठ हळू म्हणाले.

तेव्हा त्याला आपला हात दिसला. दांडी वरच होती. आणखी वर रिव्हर्स होता. त्यानं पाय उचलला, इंजिनाचा आवाज खाली बसू दिला आणि दांडी एक घर खाली घेतली. गिअर धरला तसा गाडीला हिसका बसला. ट्रॉलीतून बाहेर आलेल्या, कापूस बांधायच्या गोणपाटी बोंद्रीनं काच पुसली, ट्रकचा आरसा दारापासून वीतभर लांबून गेला.

पूल ओलांडून त्यानं गाडी कडेला घेतली. उतरला नाही.

"हिचा गिअर सुटला का काय?" शेठनी मागं वळून विचारलं. "अभिमन, असली गाडी दाखवतो?"

अभिमनचा चेहरा पडला. "शेठ, आजवर असं कधी झालं नाही हो."

शेठ जीवरामकडे वळले. "सांग. खोट गाडीम्हा शे का तुनाम्हा?"

गाडीवर ढकलून मोकळं होणं सोपं होतं, पण मग गाडी घेतली जाणार नव्हती. स्वतःचं नाव घेतलं तर गाडी घेतली गेली तरी तिच्यावर नथ्थू बसणार होता. दोन्हीकडून स्टूलच.

"मनाम्हा," जीवरामनं खोट स्वतःवर घेतली. "उतार पाहून न्यूट्रल केली. हात गेला."

शेठनी रुमालानं मान पुसली.

"मग हातालाच शिकव. गाडी वळव, परत वर जा आणि तोच उतार पुन्हा उतर."

"आणि ते आम्ही आत असताना?" अभिमननं विचारलं.

"तू उतर. पुलावर थांब."

अभिमन लगबगीनं उतरला.

जीवराम चढ चढून वर गेला, वळला आणि उताराला लागला. डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. पन्नास, साठ. हात मांडीखाली एकदा हलला. त्यानं वजन टाकून तो धरून ठेवला. पूल आला, गेला. त्यानं गाडी पुन्हा वर नेली. तिसऱ्यांदा उतरताना हात स्टीअरिंगवर होता आणि तिथंच राहिला. बोटं मात्र पांढरी पडली होती.

पुलावर अभिमन कठड्याला टेकून बिडी ओढत होता. शेठनी काच खाली केली.

"डॉक्टरकडे चल, कागद करू," ते त्याला म्हणाले. मग जीवरामकडे न पाहता, "चारला गोदामात माल उतरायचा शे. तुझ्या स्टुलावर दुसरं कोणी बसवावं लागेल."