सुगतनं धरलेली जागा

सुगत गेला तो गुरुवारी. इथं सिंगापुरात पाया लेबारच्या ऑफिसात मी जेवायला उठत होतो, तेवढ्यात प्रज्ञावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच बोलल्या. यिशुनच्या घरी सकाळी छातीत कळ आली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी काय बोललो ते आठवत नाही. डोक्यात एकच होतं, आणि ते सांगायची लाज वाटते... शनिवार दोन दिवसांवर होता आणि या शनिवारी मी त्याची माफी मागणार होतो.

आठवीत आम्ही एका वर्गात होतो, तालुक्याच्या गावातल्या शाळेत. सुगतचं दप्तर रोज सकाळी दुसऱ्या बाकावरून उचलून दाराबाहेर चपलांत ठेवलं जायचं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं घर गावाच्या कोणत्या टोकाला आहे, एवढं पुरेसं होतं. आम्ही चौघं होतो. दप्तर उचलायचो मी. एकदा नव्या आलेल्या सरांनी रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, "इथं कुणी आहे का?" मी उभा राहून म्हणालो, "कुणी नाही, सर." सुगत दाराशी जमिनीवर बसून ऐकत होता. वर्षभर तो तिथंच बसला आणि नववीला मामाकडे शिकायला गेला.

नंतर भेटला तो एकदम सिंगापुरात, मराठी मंडळींच्या कार्यक्रमात. आंग मो किओच्या एका कंपनीत मोठा इंजिनिअर झाला होता. त्यानंच मला ओळखलं. आणि मी गाढव, पाठीवर थाप मारून म्हणालो, "काय दिवस होते रे ते!" "होते," तो म्हणाला. पुढे सहा वर्षं दर शनिवारी आम्ही त्याच्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या त्या गजबजलेल्या मंडपात, जेवलो. तो आधी यायचा आणि समोरच्या खुर्चीपाशी टिश्यूचं पाकीट ठेवून माझी जागा धरायचा. इथली रीतच आहे ती. माणसं गरम ट्रे घेऊन ताटकळत उभी असतात, पण पाकिटाला कुणी हात लावत नाही. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं ते पाहिलं आणि पाकिटाची मालकीण, एक म्हातारी, येईपर्यंत तो नुसता बघत उभा राहिला होता. त्याआधी मीटिंगमध्येसुद्धा सगळे बसल्याशिवाय तो बसत नसे. त्यानंतर वही ठेवून पहिल्या रांगेत जागा धरायला लागला. "सगळं बरं होत नाही रे," तो एकदा म्हणाला. खरंच होतं ते. जेवतानाही बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळलेला असायचा. मी तो बघायचो आणि मूग गिळून जेवायचो.

माझ्या मुलीनं शाळेतल्या छळापायी घराबाहेर पडायचंच बंद केलं, तेव्हा तिला बोलतं केलं ते सुगतनं. आपली सगळी गोष्ट सांगितली तिला. हळूहळू ती शाळेत जायला लागली. एका संध्याकाळी तिनं मला विचारलं, "पपा, अंकलची बॅग कोण फेकायचं? ही डिडन्ट से ला, नाव नाही सांगितलं." मी ठरवलं, आधी त्याची माफी मागायची, मग तिला सांगायचं. त्याच आठवड्यातला हा शनिवार.

महिन्याभरानं यिशुनला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. वरातीमागून घोडं. त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं, भाऊजी. म्हणायचे, तो बोलेल एक दिवस, घाई नाही." मी तिथंच लहान मुलासारखा रडलो. सहा वर्षं वाट बघत होता हा माणूस... आणि मी त्याच्यासमोर बसून भात खात होतो.

अजून शनिवारी मी तिथं जातो. आता आधी मी पोचतो आणि समोर पाकीट ठेवतो. लोकांची अडचण होते, कळतं मला. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ट्रे सावरत विचारलं, इथं कुणी आहे का?

"आहे," मी म्हणालो. तेव्हाही एवढंच म्हणायचं होतं.